'मोकळी जमीन' : एका शब्दाची किंमत

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत, हे आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. मुंबईच्या गिरणगावाने देशाला वस्त्र पुरविले. परंतु ते विणणाऱ्यांच्या निवाऱ्याचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर एका नियमाची शब्दरचना पाहावी लागते.

लालबाग, परळ, वरळी, भायखळा या परिसरात मुख्यत्वे वसलेल्या मुंबईतील सुमारे ५८ गिरण्यांची जमीन जवळपास ६०० एकर होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्यांची धुराडी थंडावली आणि प्रश्न उभा राहिला : या जमिनीचे करायचे काय?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने उत्तर दिले. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास होताना स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. विचार सरळ होता. जमिनीचा भाव केवळ मालकाच्या कर्तबगारीने वाढत नाही. रस्ते, रेल्वे, पाणी आणि माणसांची वस्ती तो वाढवितात. तेव्हा वाढीत समाजाचाही वाटा हवा.

परंतु दोन तृतीयांश जमीन सोडण्यास मालक सहसा पुढे येईनात. हे कारण देऊन २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता केवळ 'मोकळ्या' जमिनीची. शेडखालची जमीन, शेड पाडली तरी, मोकळी नव्हे! समजा, १५ एकरांच्या गिरणीत १२ एकरांवर शेड आहेत. पूर्वी प्रत्येकाला ५ एकर मिळाले असते. आता महापालिकेला १, म्हाडाला १ आणि मालकाला १३.

ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्थ अमान्य केला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी.

नगररचना हा केवळ अभियंत्यांचा आणि वकिलांचा प्रांत नव्हे. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्यावर हरकती व सूचना मांडण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. शब्दांचा अर्थ लावणे हा तर आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासविषयच आहे. तो वर्गाबाहेरही उपयोगी पडावा.