सोरायसिस : चट्ट्यामागील आजार समजून घेताना

त्वचा हे मानवी शरीराचे सर्वांत मोठे आणि सर्वांत उघडे इंद्रिय होय. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार चारचौघांपासून झाकून ठेवता येतो; त्वचेवरील चट्टा मात्र एस.टी.च्या गाडीत, आठवडी बाजारात, लग्नमंडपात सर्वांच्या नजरेस पडतो आणि पाहणारा मनाशीच निदान करून मोकळा होतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात हे मनातल्या मनात केलेले निदान पुष्कळदा एकच असते : कुष्ठरोग. अशा शंकेच्या छायेत वावरणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांना प्रत्यक्षात जो आजार असतो, त्याचे नाव सोरायसिस. तो संसर्गजन्य नाही. तरीही या आजारापायी रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवली जाते, सोयरीक मोडते आणि उपचारापेक्षा लपवण्यावरच अधिक शक्ती खर्च होते. म्हणूनच या अहवालाच्या निमित्ताने हा आजार आपणांसमोर सोप्या शब्दांत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

दोन आजार आणि एक नाव

हा गोंधळ केवळ आपल्या भागापुरता नाही. तो फार जुना आहे. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांसाठी योजिला जात असे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांतील ‘एककुष्ठ’ या प्रकारात त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होते, असे वर्णन आहे. आजचे अनेक वैद्य सोरायसिसची तुलना याच प्रकाराशी करतात. पुढे मराठीत ‘कुष्ठ’ हा शब्द एकाच रोगापुरता उरला आणि त्याच्याशी जोडलेली भीती मात्र प्रत्येक चट्ट्यावर पसरली.

युरोपातही असेच घडले. ग्रीक भाषेत ‘लेप्रा’ या शब्दाचा संबंध खवल्यांशी होता. इंग्लंडमधील त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट विलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सोरायसिसचे नेमके वर्णन केले. पण ‘लेप्रा’ हे नाव त्यांच्याही लेखनातून सुटले नाही. १८४१ साली व्हिएन्ना येथील फर्डिनंड हेब्रा यांनी हे दोन आजार एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे केले आणि १८७३ साली नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. सोरायसिसला असा कोणताही जंतू कारणीभूत नाही. शास्त्राने हा निवाडा देऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला. समाजाच्या मनापर्यंत तो अद्याप पुरता पोहोचलेला नाही.

सोरायसिस म्हणजे काय?

निरोगी त्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्म घेत असतात. त्या हळूहळू वर सरकतात आणि साधारणपणे चार आठवड्यांनी पृष्ठभागावरून नकळत गळून पडतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या तीन ते पाच दिवसांत उरकतो. अपक्व पेशी गळण्याआधीच त्यांच्याखाली नव्या पेशींचा थर येऊन उभा राहतो. थरावर थर साचतात आणि चंदेरी पापुद्रे असलेला जाड चट्टा तयार होतो.

ही घाई होते ती शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीमुळे. जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी कोणताही शत्रू समोर नसताना त्वचेत जागृत होतात, दाह निर्माण करणारी रसायने सोडतात आणि त्वचेच्या पेशींना अखंड वाढीचा आदेश देत राहतात. म्हणजे आजार दिसतो त्वचेवर. त्याचे मूळ मात्र रक्तातून फिरणाऱ्या संरक्षणव्यवस्थेत असते. रक्त ‘अशुद्ध’ झाल्यामुळे किंवा अस्वच्छतेमुळे हा आजार होतो, हा समज निराधार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अहवालानुसार जगात किमान १० कोटी लोकांना हा आजार आहे. स्त्री-पुरुष दोघांनाही तो होतो आणि कोणत्याही वयात होऊ शकतो. तथापि विशीत-तिशीत आणि पुन्हा पन्नाशी-साठीत त्याची सुरुवात अधिक प्रमाणात आढळते.

आजाराचे प्रकार

१. चकत्यांचा सोरायसिस : दर दहा रुग्णांपैकी आठ ते नऊ जणांना हाच प्रकार असतो. कोपर, गुडघे, कंबरेचा मागील भाग आणि डोके या ठिकाणी ठळक कडा असलेले जाड चट्टे उमटतात. पुस्तकांतून त्यांचा रंग लाल सांगितला जातो. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर ते जांभळट वा गडद तपकिरी दिसतात.

२. थेंबांसारखा सोरायसिस : मुले व तरुण यांच्यात घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी धडावर पाण्याच्या थेंबांएवढे असंख्य ठिपके येतात. यांतील बरेच रुग्ण काही महिन्यांत पूर्णपणे बरे होतात.

३. घड्यांमधील सोरायसिस : काख, जांघ व स्तनांखालील भागात येतो. येथे पापुद्रे नसल्याने त्याला गजकर्ण समजून भलतेच मलम लावले जाते.

४. तळहात व तळपायांचा सोरायसिस : त्वचा जाड होऊन भेगा पडतात. निंदण, कापूसवेचणी, विळ्याची व कुऱ्हाडीची कामे करणाऱ्यास चट्टे थोडे असूनही हा प्रकार मजुरीला मुकवतो.

५. नखांचा सोरायसिस : नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, नखे पिवळसर होऊन खालच्या त्वचेपासून सुटू लागतात.

६. पुवाच्या फोडांचा सोरायसिस आणि सर्वांगव्यापी सोरायसिस : हे दोन्ही विरळ परंतु गंभीर प्रकार होत. पहिल्यात अंगभर पुवाने भरलेले बारीक फोड येऊन ताप चढतो. हा पू जंतूंचा नसतो. दुसऱ्यात जवळजवळ संपूर्ण त्वचा लाल होऊन सोलवटते. अशा वेळी त्वचा शरीरातील उष्णता व पाणी राखू शकत नाही, रुग्ण थंडीने कुडकुडतो आणि जीवास धोका संभवतो. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात दाखल करावे.

लक्षणे व वेगळेपण

जाड चट्टे, चंदेरी पापुद्रे, खाज, जळजळ, भेगा आणि डोक्यात न संपणारा कोंडा ही प्रमुख लक्षणे होत. जेथे त्वचा खरचटते किंवा भाजते, तेथे नवा चट्टा उमटणे हीदेखील या आजाराची एक खूण आहे. आजार कधी शमतो, कधी उसळतो. महिनोन्‌महिने त्वचा स्वच्छ राहून तो पुन्हा परतू शकतो.

कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट वा लालसर असतो, खाजत नाही, त्यावर सहसा जाड पापुद्रे नसतात. आणि मुख्य म्हणजे तेथील स्पर्शाची, वेदनेची व उष्ण-थंडाची जाणीव कमी झालेली असते. सोरायसिसच्या चट्ट्यावर ही जाणीव शाबूत असते. तथापि अंतिम निदान घरी करू नये. दोन्ही आजारांत लवकर तपासणी करून घेणे हेच शहाणपणाचे. गरज भासल्यास त्वचेचा अल्पसा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून शंका दूर करता येते.

सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश रुग्णांमध्ये पुढे सांध्यांचा आजारही उद्भवतो. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ सांधे आखडणे, संपूर्ण बोट सुजणे, टाचेत वेदना होणे या त्याच्या खुणा होत. ज्यांच्या नखांत बदल आहेत, त्यांनी विशेष सावध असावे. उपचाराविना सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. याखेरीज मधुमेह, रक्तदाब, स्थूलता, हृदयविकार आणि मानसिक औदासीन्य यांचे प्रमाण या रुग्णांत अधिक आढळते. म्हणून केवळ मलम देऊन काम भागत नाही.

कारणे

आजाराची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. एका पालकास सोरायसिस असल्यास अपत्यास तो होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के मानली जाते. म्हणजेच अशा पालकांची बहुसंख्य अपत्ये या आजारापासून मुक्त राहतात. विवाह जुळवताना हे ध्यानी घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

ही सुप्त प्रवृत्ती जागी करणारी निमित्ते अनेक आहेत : घशाचा जंतुसंसर्ग, त्वचेस इजा, मानसिक ताण, तंबाखू व मद्य, तसेच रक्तदाबावरील काही औषधे, लिथियम आणि हिवतापावरील क्लोरोक्वीन. दारूबंदी असलेल्या आपल्या जिल्ह्यातही मद्याचे आणि खर्ऱ्याचे व्यसन किती खोल गेले आहे, हे आपण जाणताच. हिवाळ्यातील कोरडी हवा आजार वाढवते. सौम्य ऊन बहुतेकांना मानवते, मात्र विदर्भातील वैशाखातले ऊन त्वचा भाजून आजार बळावू शकते.

उपचार आणि एक गंभीर इशारा

सोरायसिस मुळापासून कायमचा नाहीसा करणारे औषध आजमितीस नाही; परंतु तो उत्तम प्रकारे आटोक्यात ठेवता येतो. सौम्य आजारात त्वचा मऊ ठेवणारे लेप, डांबरयुक्त औषधे, जीवनसत्त्व ‘ड’पासून बनविलेली मलमे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडयुक्त मलम पुरेसे ठरते. आजार पसरला असल्यास विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार किंवा पोटातील औषधे द्यावी लागतात. यांपैकी मेथोट्रेक्सेट हे जुने, स्वस्त आणि गुणकारी औषध सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. गैरसमजाने ते रोज घेतल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणून घरातील मंडळींनी औषधाचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. गरोदरपणात हे औषध चालत नाही, तसेच ते घेत असताना रक्ताची नियमित तपासणी आवश्यक असते. अलीकडच्या काळात दाह घडविणाऱ्या नेमक्या रसायनावर काम करणारी जैविक इंजेक्शनेही उपलब्ध झाली आहेत. ती अतिशय प्रभावी असली, तरी त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

‘हमखास बरे करू’ अशा जाहिरातींना भुलून घेतलेल्या पुड्या, गोळ्या किंवा इंजेक्शने यांविषयी मात्र सावध राहावे. त्यांत स्टेरॉइड असल्यास आठ दिवसांत त्वचा स्वच्छ होते आणि रुग्ण निर्धास्त होतो. औषध थांबताच आजार दुप्पट वेगाने उसळतो आणि पुवाच्या फोडांचे वा सर्वांगव्यापी रूप धारण करू शकतो. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली मिश्र मलमेही असेच नुकसान करतात.

वर्ध्याचा वारसा

त्वचेवरील चट्ट्याकडे कसे पाहावे, याचा धडा या जिल्ह्याने देशाला फार पूर्वी दिला आहे. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य उभे केले. १९३९ साली सेवाग्राम आश्रमात आलेल्या परचुरेशास्त्रींना महात्मा गांधींनी आपल्या कुटीनजीक ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने वर्धा येथून सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री गावोगावी रुजवली. आज कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांच्या मोफत औषधोपचाराने बरा होतो आणि २०१९ च्या कायद्याने तो घटस्फोटाचे कारणही राहिलेला नाही.

म्हणूनच ‘हा कुष्ठरोग नव्हे, तेव्हा घाबरू नका’ एवढेच सांगून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. कुष्ठरोग्यालाही दूर लोटू नये, ही या भूमीची शिकवण. मग ज्या आजाराचा संसर्गच होत नाही, त्याच्या रुग्णाचे ताट वेगळे ठेवण्यास कोणते कारण उरते? २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसविषयी ठराव संमत करताना रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाची आवर्जून नोंद घेतली. हा भेदभाव दूर करणे कोणत्याही मलमाच्या हाती नाही. ते आपल्याच हाती आहे.

रुग्णांच्या नातलगांना आमचे सांगणे एवढेच, की रुग्णास जवळ बसवावे, त्याच्या पाठीवरील चट्ट्यांना लेप लावून द्यावा आणि त्वचा स्वच्छ दिसू लागली तरी डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपचार सोडू देऊ नये. विश्वस्त व देणगीदार मंडळींनी हेही ध्यानात घ्यावे, की या आजारात शस्त्रक्रियेसारखा एकदाच होणारा मोठा खर्च नसतो. वर्षानुवर्षे लागणारा थोडा-थोडा खर्च असतो आणि नेमका तोच हातावर पोट असलेल्या कुटुंबाला झेपत नाही. महिन्याचे औषध न चुकता मिळाले, तर कापूस वेचणारे हात पुन्हा कामाला लागतात. आपल्या साहाय्याचे मोल यातच आहे, असे आम्ही नम्रतापूर्वक नमूद करतो.