दहा रुपये मोजून जेवणारी माणसे

गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात किंवा कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालयात रुग्णांइतकीच गर्दी त्यांच्यासोबत आलेल्यांची असते. कुणी सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यातून सुनेला घेऊन आलेली सासू, कुणी सीमेपलीकडच्या बालाघाटहून आलेला भाऊ. दिवस लांबत जातात आणि बाहेरचे जेवण परवडत नाही. अशांसाठी, हमालांसाठी, रोजंदारीवाल्यांसाठी २६ जानेवारी २०२० रोजी राज्यभर जिल्ह्याच्या ठिकाणी राज्य सरकारची स्वस्त जेवणाची शिवभोजन केंद्रे सुरू झाली. केंद्र कुठे हवे, तेही योजनेत सांगितले होते : रुग्णालय, बसस्थानक, रेल्वे स्टेशन, बाजार, सरकारी कचेऱ्या, म्हणजे जिथे परगावचा माणूस ताटकळतो तिथे.

ताटही ठरलेले. ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद. जेवणारा १० रुपये देतो. शहरात ताटाचा खर्च ५० रुपये धरलेला, त्यातले ४० सरकारने द्यायचे. ग्रामीण भागात ३५ पैकी २५. केंद्र खानावळवाल्यांना मिळते, संस्थांना मिळते, महिला बचत गटांनाही मिळते. मला यात बचत गट सगळ्यांत मोलाचे वाटतात. घरी जन्मभर रांधून ज्यांच्या कष्टाचा कुणी हिशेब ठेवला नाही, त्या बायकांना इथे त्याच कामाचे पैसे मिळतात.

सकाळपासून कणीक भिजवणे, डाळ शिजवणे, भाजी चिरणे. बारा वाजता वाढप सुरू. आधी मोबाइलवर नाव आणि फोटो, मग ताट. फोटोपाशी अनेक जण अवघडतात. गरिबाला जेवण्याआधी चेहरा दाखवावा लागतो, हे मला खटकते. पण वाढणारी बाई ‘या, बसा’ म्हणते तेव्हा तो अवघडलेपणा बराचसा निघून जातो.

धानाच्या या जिल्ह्यात १५० ग्रॅम भात म्हणजे जेवणाची नुसती सुरुवात. दोन्ही वेळ भात खाऊन वाढलेल्या हमालाला एवढ्याने काय होणार? मूद पालथी घातल्यावर वाढणारीचा हात क्षणभर थांबतो आणि गंजातला थोडा भात आणखी पडतो. हा भात कुठल्याच बिलात धरला जात नाही.

या कामात मिळते काय? दानधर्माचे समाधान वेगळे असते. इथे समोरचा माणूस पैसे मोजून बसलेला असतो, म्हणून तो हक्काने बोलतो : ‘ताई, आज वरण पातळ झालं ना.’ ‘उद्या घट्ट करतो, भाऊ.’ भुकेल्या माणसाला चवीबद्दल बोलता यावे, ही मला या केंद्रांची सर्वांत मोठी कमाई वाटते. फुकट वाढलेल्या ताटावर माणूस खाली मान घालून जेवतो. रोजचे गिऱ्हाईक चार दिवस दिसले नाही की इथे त्याची चौकशी होते, आणि काम करणाऱ्या बायकांनाही शहरातली अशी माणसे ओळखीची होतात, ज्यांना बाकी गाव ओळखत नाही.

टाळेबंदीत या कामाचा कस लागला. मार्च २०२०च्या अखेरीस ताट ५ रुपयांवर आले, केंद्रे तालुक्यांपर्यंत पोचली. छत्तीसगडकडे निघालेले मजूर त्या उन्हाळ्यात देवरीवरून महामार्गाने जात होते; अशा वेळी तालुक्यातल्या केंद्राची गरज मोठी होती. २०२१च्या एप्रिलपासून काही महिने ताट मोफतही होते. लोक घरात बसले होते तेव्हा या बायका चुलीपाशी उभ्या होत्या.

दुखणे आहे ते अनुदानाचे. ते महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आहेत. मोठा खानावळवाला कसाबसा तग धरतो. बचत गटाला किराणा दुकानदार किती दिवस उधार देईल? १९९५ साली एक रुपयात सुरू झालेल्या झुणका-भाकर केंद्रांची गत महाराष्ट्राने पाहिली आहे. काही वर्षांतच ती बंद पडली आणि कित्येक जागांवर दुसरीच दुकाने थाटली गेली. शिवभोजनाची बिले दरमहा ठरल्या तारखेला चुकती व्हायला हवीत, आणि गोंदियासह पूर्व विदर्भासाठी भाताचे माप वाढवून द्यायला हवे.