मोटरसायकल परदेशी नेण्यापूर्वी

मराठवाड्यातील आपल्यापैकी अनेकांनी 'करोडगिरी' हा शब्द वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून ऐकला असेल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यापूर्वी जालना हे निजामाच्या मुलखात होते आणि शेजारचे देऊळगाव राजा हे इंग्रजी अंमलातील वऱ्हाडात. दोन्ही गावांत अंतर थोड्याच कोसांचे. परंतु मध्ये सरहद्द होती. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार. माल घेऊन जाणाऱ्याला करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे संस्थानच्या जकातखात्यापुढे, उभे राहावे लागे. आज आपण त्या रस्त्याने जातो तेव्हा नाका कोठे होता हेही ध्यानात येत नाही.

परंतु जगातील सरहद्दी काही नाहीशा झालेल्या नाहीत. जालन्याचा एखादा तरुण, किंवा तरुणी, मोटरसायकलवर बसून काठमांडूला, समरकंदला अथवा थेट लंडनला जाण्याचा बेत करतो, तेव्हा आपल्या आजोबांना ठाऊक असलेला तो नाका त्याला पुन्हा पुन्हा भेटतो. असे बेत आता केवळ गप्पांत राहिलेले नाहीत. पुण्याच्या रमिला लटपटे या ९ मार्च २०२३ रोजी नऊवारी साडी नेसून, पृथ्वीप्रदक्षिणेचा संकल्प करून, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मोटरसायकलवर निघाल्या होत्या. तेव्हा अशा प्रवासाची तयारी कशी करावी, याचा विचार घरोघरी होणे अगत्याचे आहे. कारण गाडी एकटा माणूस चालवतो, पण तिच्यासाठी जामीन बहुधा सारे घर राहते. ते कसे, हे आता पाहू.

आरंभी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. आपली गाडी परक्या देशात शिरते ती पाहुणी म्हणून. यजमान देश तिला तीन प्रश्न विचारतो: तू कोण, तुझा धनी कोण, आणि परत कधी जाणार? कागदपत्रांचा सारा व्याप या तीन प्रश्नांच्या उत्तरांसाठी असतो.

पहिला प्रश्न ओळखीचा. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांकांचा एक क्रमांक कोरलेला असतो व इंजिनावर दुसरा. हे दोन्ही क्रमांक नोंदणीपुस्तकाशी, ज्याला आपण 'आर.सी.' म्हणतो त्याच्याशी, अक्षरशः जुळले पाहिजेत. गावच्या रस्त्यावर कोणी ते पाहत नाही. सरहद्दीवरचा अंमलदार मात्र वाकून, कंदील धरून पाहतो. अपघातानंतर इंजिन बदलले असेल आणि त्याची नोंद करून घेतली नसेल, तर ती उणीव जालन्याच्या परिवहन कार्यालयात भरून काढावी. परक्या देशात ती भरून निघत नाही. क्रमांक चिखलाने किंवा गंजाने पुसट झाला असेल तर तो स्वच्छ करून वाचता येईल असा ठेवावा. 'एम.एच. २१' हे आपल्या जिल्ह्याचे अंक काही हौशी लोक देवनागरीत रंगवितात. भाषाभिमान स्तुत्य खरा. परंतु केंद्रीय नियमांनुसार पाटीवर रोमन अक्षरे व इंग्रजी अंकच लागतात, आणि परदेशी पोलिसाला तेच वाचता येतात. त्याखेरीज गाडीच्या मागील बाजूस 'आय.एन.डी.' ही देशाची खूण लंबगोल पट्टीवर लावावी.

दुसरा प्रश्न धन्याचा. आपल्याकडे मुलगा गाडी चालवतो आणि गाडी वडिलांच्या नावावर असते, हे सर्रास आढळते. घरात त्याने काही बिघडत नाही. नाक्यावर मात्र बिघडते. अशा वेळी एक तर गाडी प्रवाशाच्या नावावर करून घ्यावी, नाहीतर वडिलांचे नोटरीसमक्ष केलेले अधिकारपत्र इंग्रजीत बरोबर असावे. गाडी कर्जाने घेतली असेल तर नोंदणीपुस्तकात बँकेचा बोजा असतो. बँकेची हरकत नसल्याचा दाखला आधी मिळवावा, अथवा कर्ज फेडून बोजा उतरवून घ्यावा. या दोन कामांना जितका वेळ लागतो तितका दुसऱ्या कशालाही लागत नाही; म्हणून प्रारंभ येथूनच करावा.

चालकाच्या हातीही एक जादा परवाना हवा. १९४९ साली जिनेव्हा येथे रस्ते-वाहतुकीविषयी राष्ट्रांचा करार झाला. त्यास अनुसरून आपले परिवहन कार्यालय आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना देते. त्याची मुदत एक वर्षाची असते, आणि मूळ परवाना सोबत नसेल तर त्याला किंमत नाही. तो प्रत्येक देशात चालतो असेही समजू नये. चीन हा परवाना मानीत नाही. तेथे तात्पुरता चिनी परवाना, तात्पुरती क्रमांकपाटी आणि सोबत मान्यताप्राप्त वाटाड्या, अशी व्यवस्था महिनोनमहिने आधी करावी लागते.

आता तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा: परत कधी जाणार? परदेशी गाडी देशात आली आणि तेथेच विकली गेली, तर त्या सरकारची आयात-जकात बुडते. ही भीती दूर करण्यासाठी 'कार्ने द पॅसाज' या फ्रेंच नावाची एक पुस्तिका जगभर प्रचारात आहे. तिला गाडीचा पासपोर्ट म्हणावे, इतकी ती त्याच्यासारखी आहे. ती मोटर-संघांमार्फत मिळते. आपल्याकडे १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही त्यांतील एक जुनी संस्था. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना अंमलदार एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा. आणि तिसरा, जो पुस्तिकेतच राहतो, त्यावर दोन्ही वेळा शिक्का मारतो. प्रवाशाने आपला जीव या तिसऱ्या भागात ठेवावा. प्रवेशाचा शिक्का आहे आणि निर्गमाचा नाही, असे झाले तर त्या देशाच्या लेखी गाडी अजून तेथेच आहे. मग जकातीची मागणी मोटर-संघाकडे येते, आणि संघ ती ज्याने हमी दिली त्याच्याकडून वसूल करतो.

मघाशी सारे घर जामीन राहते असे म्हटले, ते येथे लागू पडते. पुस्तिका मिळण्यासाठी बँकेची हमी किंवा अनामत द्यावी लागते. तिची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि ज्या देशांतून जायचे तेथील जकातीच्या दरांवर ठरते. पुष्कळदा ती वडिलांच्या ठेवीतून उभी राहते. तेव्हा रात्री उशिरा, पाऊस पडत असताना, नाक्यावरचा अंमलदार 'जा, जा' म्हणून हात हलवितो आणि थकलेला प्रवासी शिक्का न घेताच पुढे सरकतो, त्या एका क्षणी घरची पुंजी धोक्यात येते. शिक्का वाचून, तारीख पाहून मगच गाडी सुरू करावी.

प्रत्येक देशाला ही पुस्तिका लागते असे नाही. इराणला लागते, युरोपातील बहुतेक देशांना लागत नाही. नेपाळचा जकातनाका, ज्याला तेथे 'भन्सार' म्हणतात, ठरावीक दिवसांची फी घेऊन आपला स्वतंत्र परवाना देतो. भूतानचाही असाच निराळा परवाना आहे. मुदत संपण्याच्या आत बाहेर पडणे हे मात्र सर्वत्र सारखेच.

विम्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. भारतात काढलेला मोटरविमा सरहद्दीबाहेर आपोआप लागू होत नाही. जादा हप्ता भरून त्याची मर्यादा नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारी देशांपुरती वाढवून मिळते. त्यापलीकडे त्या त्या देशाच्या नाक्यावर, अथवा तेथे पोहोचण्यापूर्वी, निराळा विमा घ्यावा लागतो. तो नसताना कोणास इजा झाली, तर प्रवास तर संपतोच, शिवाय कोर्टकचेरी मागे लागते.

मार्गही कागदाप्रमाणेच तपासून घ्यावा लागतो. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि मणिपुरातून पूर्वेकडे जाण्याचा मार्ग बिकट झाला. २०२५ च्या एप्रिलात अटारीचा नाका बंद करण्यात आला. त्याच वर्षी ८ जुलै रोजी नेपाळ व चीन यांना जोडणारा रसुवागढीचा पूल पुरात वाहून गेला. ज्याने एकाच मार्गावर सारी भिस्त ठेवली असेल, त्याचे व्हिसे व दिवस दोन्ही वाया जातात. म्हणून दुसरा मार्ग, प्रसंगी जहाजाने गाडी पाठविण्याचा खर्च, आधीच मांडून ठेवावा.

आता गाडीकडे वळू. कागद आणि यंत्र ही दोन निराळी खाती आहेत असे वाटते. वस्तुतः ते एकच खाते आहे. गाडी परत नेण्याचे वचन कागदावर दिले आहे. ती परमुलखात बंद पडली आणि टाकून द्यावी लागली, तर ते वचन मोडते व जकात अंगावर येते. म्हणून गाडीची निवड करताना वेग व डौल यांपेक्षा दुरुस्तीची सोय पाहावी. जिचे सुटे भाग आडगावी मिळतात आणि जी साध्या पान्यांनी उघडते, ती गाडी उत्तम.

निघण्यापूर्वी चेन व तिची दोन्ही दातेरी चक्रे एकदमच नवी बसवावीत. जुन्या चक्रावर नवी चेन लवकर झिजते. टायर निम्मे झिजले असतील तर बदलावेत. चाकाचे आरे एकेक करून वाजवून पाहावेत. सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो. हवेची जाळी, प्लग, ब्रेकचे पॅड आणि इंजिनचे तेल नवे असावे. क्लचची जादा केबल जुन्या केबलशेजारीच बांधून ठेवावी, म्हणजे तुटल्यावर टोके जोडण्याचेच काम उरते. बरोबर पंक्चरचे सामान, टायर काढण्याच्या पट्ट्या, हवेचा पंप, एक क्लचची व एक ब्रेकची मूठ, फ्यूज, तार आणि गाडीला बसणारे पानेच तेवढे घ्यावेत. आणि मुख्य गोष्ट, हे सारे आपल्या हाताने करता आले पाहिजे. गावातील मिस्त्रीच्या शेजारी चार रविवार बसून चाक काढणे, चेन ताणणे, केबल बदलणे शिकून घ्यावे. मिस्त्री बरोबर येणार नाही.

उंचीचा विचार निराळा करावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाच हजार मीटर चढल्यावर हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मग हवा कमी आणि पेट्रोल अधिक होऊन इंजिन धूर सोडते व दम टाकते. नव्या, इंजेक्शनच्या गाड्या मिश्रण आपोआप सांभाळतात, तरी शक्ती त्यांचीही घटते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे 'बी.एस. ६' मानकाच्याच गाड्या विकल्या जाऊ लागल्या. त्यांना कमी गंधकाचे पेट्रोल मानवते. हलक्या प्रतीच्या इंधनाने त्यांच्या सायलेन्सरमधील शुद्धीकरणाचे यंत्र खराब होऊ शकते, हे लक्षात घेऊन पेट्रोल भरावे.

ओझे कमी, खाली आणि दोन्ही बाजूंस सारखे असावे. सारे सामान लादून आधी चार-पाच दिवसांची परीक्षा-यात्रा करावी. तिला आपला जिल्हा उत्तम आहे. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, परंतु त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. आणि परीक्षेच्या दृष्टीने ते बरेच झाले. जुन्या रस्त्याने सिंदखेडराजावरून लोणारला जावे, येताना मंठा-परतूरकडून यावे. पावसाळ्यात घनसावंगीकडील काळ्या रानातला एखादा कच्चा रस्ता धरावा. काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरून चाक जेथे अडेल, तेथे गाडीची आणि आपली खरी किंमत कळेल. जे सामान या फेरीत एकदाही लागले नाही, औषधे व हत्यारे वगळता, ते घरी ठेवावे.

शेवटची गोष्ट कागद कोठे ठेवावेत याची. मुंबईहून निघालेला एक तरुण प्रवासी २०२५ साली सतरा देश ओलांडून इंग्लंडात पोहोचला. ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅम येथे त्याची गाडी चोरीस गेली, आणि गाडीवरच्या पेटीत असलेला पासपोर्टही तिच्याबरोबर गेला. चोरी कोठेही होऊ शकते. परंतु पासपोर्ट, पुस्तिका आणि मूळ परवाना हे गाडीवर न ठेवता अंगावर बाळगले, तर एका संकटाची दोन होत नाहीत. गाडी चोरीस गेलीच तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी फिर्याद देऊन तिची प्रत घ्यावी. गाडी आपण विकली नाही, याला मोटर-संघापुढे तोच पुरावा होतो.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढाव्यात. एक प्रवाशाजवळ मूळ कागदांपासून निराळी असावी. दुसरी घरी, जेथे आईला किंवा वडिलांना मध्यरात्रीही सापडेल अशा जागी. तिच्यासोबत एका कागदावर पुस्तिकेची मुदत, विम्याची तारीख, बँकेच्या हमीची रक्कम आणि आपल्या दूतावासांचे पत्ते लिहून ठेवावेत. प्रवासी ज्या ज्या देशातून बाहेर पडेल तेथील निर्गमाच्या शिक्क्याचे छायाचित्र त्याने घरी पाठवावे, आणि घरच्यांनी त्या देशापुढे खूण करावी. अशा रीतीने घरी बसलेली माणसेही त्या प्रवासात भागीदार होतात, आणि परतीच्या दिवशी गाडी दारात उभी राहील तेव्हा हमीचा कागद बँकेतून सोडवून आणण्यापलीकडे त्यांना काही करावयाचे उरत नाही.