‘औषध घेतलं का?’

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं हिंगणी बाहेरच्यांना माहीत असतं ते बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचं गाव म्हणून. कपाशीच्या या पट्ट्यात ‘औषध’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दवाखान्यातली गोळी औषध, आणि पंपाने फवारायचं कीटकनाशकही औषधच. म्हणून ‘त्यानं औषध घेतलं’ एवढं कानावर पडलं, तरी इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मानसिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. करणाऱ्या सिस्टरला असेच शब्द ऐकायला शिकायचं असतं.

हे शिक्षण याच जिल्ह्यात मिळतं. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथल्या श्रीमती राधिकाबाई मेघे मेमोरियल कॉलेज ऑफ नर्सिंगमध्ये हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात, आणि प्रत्यक्ष कामाला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. अभ्यासक्रम 2 वर्षांचा. बी.एस्सी. नर्सिंग आणि वर्षभराचा अनुभव असल्याशिवाय प्रवेश नाही. मग मनोविकार वॉर्ड, व्यसनमुक्ती, मुलांचे मानसिक आजार, शॉकची खोली (2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही), वस्तीतल्या भेटी, आणि शेवटी प्रबंध.

यातली खरी कसोटी मात्र एका साध्या वहीत असते. तिला ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ म्हणतात. रुग्णाशी झालेलं बोलणं शब्दन्‌शब्द लिहायचं: तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा त्याची नजर कुठे होती, माझ्या मनात काय आलं. अमेरिकेतल्या हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी 1952 साली नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचार मानून पुस्तक लिहिलं. ही वही त्याच विचारातली. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे वाक्य तिथे चूक धरलं जातं, कारण त्याने समोरच्याचं बोलणं थांबतं. ‘काहून असं केलं जी?’ हेही नको, कारण माणूस लगेच सफाई द्यायला लागतो. आपण सगळे दुसऱ्याच्या दुःखावर नेमकी हीच दोन वाक्यं फेकतो, हे ती वही वाचताना लक्षात येतं.

पुस्तकात ‘नैराश्य’ असतं, गावात ते कुणालाच होत नाही. गावात करमत नाही, जीव लागत नाही, डोकं भणभणतं. आणि मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं असतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?

वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांची दारूबंदी आहे, तरी दारूचे रुग्ण येतातच. समजा, पाय मोडून एखादा माणूस हाडांच्या वॉर्डात पडला आहे. दारू अचानक सुटलेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, नळ्या उपटतो. नातेवाईक म्हणतात, बाहेरचं लागलं. शिकलेली सिस्टर त्याआधीच घाम, कंप, अस्वस्थता अशा 10 गोष्टींना गुण देत बसलेली असते. बेरीज वाढली की ती डॉक्टरांना बोलावते, आणि ग्लुकोज लावण्याआधी थायमिन दिलं का, तेही पाहते. हे वेळेत हेरलं नाही, तर जीव जाऊ शकतो.

नागपूरचं मनोरुग्णालय 1864 सालचं. त्या काळी अशा ठिकाणी रखवालदार पुरत. तिथून इथवर मजल मारली, पण एक गाठ सुटलेली नाही. 2017 च्या कायद्याच्या व्याख्येत साध्या नर्सिंगचा डिप्लोमा असलेली, नोंदणीकृत परिचारिकाही ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ ठरते. मग 2 वर्षं जास्त शिकलेलीसाठी वेगळं पद कशाला, असं होतं. त्यामुळे एम.एस्सी. झालेल्या अनेक जणी कॉलेजात शिकवायला लागतात. हिंगणीच्या दारात मात्र आधी पोचते ती आशा कार्यकर्ती, नाहीतर एएनएम. माझ्या मते ही उधळपट्टी आहे. तालुक्याला अशी एक सिस्टर नेमली, आणि तिने आशांना ती वही लिहायला शिकवली, तरी खूप होईल.

तोवर एवढं करा: फवारणीचं औषध कुलपात ठेवा, आणि घरात कुणाला करमेनासं झालं असेल, तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.