अतिनिम्न कंप्रतेच्या लहरींचे हौशी निरीक्षण

मानवी कान साधारणतः 20 ते 20,000 हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ग्रहण करतो. याच पल्ल्यातील आणि त्याच्याही खालील कंप्रतेच्या विद्युत्‌चुंबकीय लहरी पृथ्वीच्या पाठीवर अहोरात्र संचार करीत असतात. परंतु ते हवेचे कंप नसल्यामुळे कानाला त्यांचा पत्ता लागत नाही. लांब तार किंवा तारेचे वेटोळे आणि एक विवर्धक एवढ्या सामग्रीने त्या टिपता येतात. त्यांपैकी ज्यांची कंप्रता कानाच्या आटोक्यात आहे त्या हेडफोनमधून थेट ऐकताही येतात. संशोधक सामान्यतः 3 ते 3,000 हर्ट्झ या पट्ट्याला अतिनिम्न कंप्रतेचा पट्टा म्हणतात. काही वर्गीकरणांत ही संज्ञा 30 हर्ट्झपाशीच थांबते. नभोवाणीच्या छंदाला लागणाऱ्या खर्चाच्या मानाने ही सामग्री स्वस्त आहे. अडचण आहे ती निराळीच. येथे काही तरी ऐकू येणे अतिशय सोपे असते. जे ऐकू आले ते आपल्याच घरातले नव्हे, हे सिद्ध करणे मात्र फार कठीण असते.

या विद्येचा उगमच मुळी अनाहूत श्रवणात आहे. पहिल्या महायुद्धात शत्रूचे दूरध्वनी-संभाषण चोरून ऐकण्यासाठी जर्मनांनी जमिनीत खुंट्या ठोकून विवर्धक जोडले होते. त्यांतून अधूनमधून उंच स्वरापासून खाली उतरत जाणारी शीळ ऐकू येई. हाइनरिख बार्कहाउझेन याने 1919 मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली. पुढे 1953 मध्ये केंब्रिज येथील एल. आर. ओ. स्टोरी याने तिचे कोडे उलगडले. विजेच्या लोळातून निघालेली लहर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषेला धरून दूर अवकाशात जाते व दुसऱ्या गोलार्धात उतरते. वाटेतील आयनद्रायूत उच्च कंप्रतेचे घटक जलद व निम्न कंप्रतेचे मंद जातात. म्हणून एका क्षणाचा कडकडाट एक-दोन सेकंदांची शीळ होऊन पोहोचतो. तेवढ्या उंचीवर त्या काळच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक इलेक्ट्रॉन आहेत, हा निष्कर्ष कृत्रिम उपग्रह सुटण्यापूर्वीच या शिळेवरून निघाला. अशा शिळा उच्च व मध्यम अक्षांशांवर विपुल, तर भारतासारख्या निम्न अक्षांशांच्या प्रदेशात विरळ असतात. तथापि बनारस हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी वाराणसी, नैनिताल व गुलमर्ग येथे त्या नोंदविल्या आहेत.

शीळ कानाने ओळखता येते; तिची नक्कल घरातील कोणतेही उपकरण सहसा करीत नाही. खरी कसोटी लागते ती कानाच्याही खाली, शूमान अनुस्पंदनांच्या बाबतीत. भूपृष्ठ आणि आयनांबर यांच्यामध्ये गोलाकार पोकळी आहे. पृथ्वीचा परिघ सु. 40,000 किमी. आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला सु. 3 लक्ष किमी.; म्हणजे लहर सेकंदात साडेसात प्रदक्षिणा करते, आणि पोकळीचा मूळ स्वर याच सुमाराचा असणार हे उघड आहे. म्यूनिकच्या डब्ल्यू. ओ. शूमान याने 1952 मध्ये हे गणित मांडले. पोकळीच्या भिंती निर्दोष वाहक मानल्यास उत्तर 10.6 हर्ट्झ येते; आयनांबर तसे नसल्याने प्रत्यक्षात 7.8 हर्ट्झ व त्यापुढे सु. 14, 20, 26 व 33 हर्ट्झ असे स्वर मिळतात. बाल्सर व वॅग्नर यांनी 1960 मध्ये ते मापले. हे स्वर जागते ठेवतात ती जगभर सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा चमकणारी वीज.

या स्वरांचे चुंबकीय क्षेत्र सु. 1 पिकोटेस्ला असते. घरातील वीजवाहिन्यांचे 50 हर्ट्झचे क्षेत्र सहज त्याच्या लाखपट भरते. म्हणून निरीक्षकाला वस्ती सोडून दूर जावे लागते. मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय मापनाचे काम विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून अलिबागला हलवावे लागले व तेथे 1904 मध्ये नोंदी सुरू झाल्या, त्यामागील कारण याच जातीचे होते. यूरोपातील निरीक्षकाच्या नशिबी आणखी एक उपद्रव असतो. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील रेल्वे सु. 16.7 हर्ट्झच्या विजेवर चालते, आणि ही रेषा नेमकी दुसऱ्या व तिसऱ्या स्वरांच्या मध्ये येऊन बसते.

वाऱ्याचा उपद्रव विजेपेक्षाही फसवा. आपल्याकडे पृथ्वीचे स्थिर चुंबकीय क्षेत्र सु. 40 मायक्रोटेस्ला, म्हणजे अनुस्पंदनाच्या चार कोटी पट आहे. त्या क्षेत्रात वेटोळे किंचित डोलले तरी खोटा संकेत उपजतो. हिशेब केला असता, एक मीटर लांबीच्या गाभ्याचे टोक केवळ 25 नॅनोमीटर हलले तरी 1 पिकोटेस्लाचा आभास होऊ शकतो. आणि झाडे तर वाऱ्याने काही हर्ट्झच्याच लयीत जमीन हादरवीत असतात. यास्तव सूज्ञ निरीक्षक वेटोळे जमिनीत पुरतो व झाडांपासून दूर राहतो. याशिवाय वेटोळे काढून त्याच्या जागी तितक्याच रोधाचा रोधक जोडून नोंद घेणे आवश्यक असते. तरीही जी रेषा उरते ती यंत्राची स्वतःची होय, आकाशाची नव्हे. किती तरी हौशी नोंदींत ही साधी परीक्षा केलेली आढळत नाही.

या हलगर्जीपणाचे परिणाम प्रयोगशाळेपुरते राहत नाहीत. ‘पृथ्वीच्या हृदयाची स्पंदने’ वाढत असून 7.8 हर्ट्झचा स्वर चढत चालला आहे, अशी हूल वारंवार उठते. पुरावा म्हणून वर्णपटाचे जे तक्ते दाखविले जातात त्यांतील पांढरे पट्टे बहुधा विवर्धक संपृक्त झाल्याचे किंवा नोंद खंडित झाल्याचे निदर्शक असतात. पोकळीचे आकारमान पृथ्वीच्या परिघाने ठरत असल्याने मूळ स्वर दिवसभरात व ऋतूंनुसार काही दशांश हर्ट्झच मागेपुढे होतो. तेवढा बदल ओळखण्यासही दीर्घ काळाच्या नोंदींची सरासरी घ्यावी लागते. दहा सेकंदांच्या तुकड्यात एक दशांश हर्ट्झहून सूक्ष्म भेद दिसणेच शक्य नाही.

बदलते ती प्रामुख्याने तीव्रता, आणि निरीक्षकाला आपली नोंद पारखून घेण्याचे उत्तम साधन तेथेच मिळते. आग्नेय आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका ही मेघगर्जनेची तीन मोठी केंद्रे आपापल्या तिसऱ्या प्रहरी, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी दीड, सायंकाळी साडेसात व रात्री दीड-दोनच्या सुमारास, जोरात असतात. या लहरींचे चुंबकीय क्षेत्र त्यांच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात असते, आणि महाराष्ट्रातून पाहता ही तिन्ही केंद्रे स्थूलमानाने पूर्व-पश्चिम दिशेस येतात. म्हणून दक्षिणोत्तर पुरलेल्या वेटोळ्यात ही तीन भरती-ओहोटी स्पष्ट उमटली पाहिजेत व पूर्व-पश्चिम वेटोळ्यात फिकी. दोन्हींत एकाच क्षणी सारखीच वाढ दिसली, तर प्रथम शेजारच्या विहिरीवरील पंप चालू झाला काय ते पाहावे. वैशाखातील वळवाच्या दिवसांत मात्र जवळच्या विजाच सारी नोंद व्यापून टाकतात. या तुलनेसाठी हिवाळ्यातील महिने निवडणे इष्ट.