जुना संगणक आणि त्याचा मंद वेग

घरांतला आठदहा वर्षांचा संगणक मंद चालूं लागला म्हणजे दोष त्याच्या वयावर ठेवण्यांत येतो आणि नव्या यंत्राची चौकशी सुरू होते. रत्नागिरीसारख्या समुद्रकांठच्या गांवीं खाऱ्या हवेलाहि जबाबदार धरतात. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गांवीं दमट हवेनें धातूचे सांधे गंजतात, हें खरें. परंतु गंजलेलें यंत्र अडतें किंवा बंद पडतें. नुसतें सावकाश चालण्याचें कारण बहुधा निराळें असतें.

संगणकांत स्मरणाच्या जागा दोन. रॅम ही चालू कामापुरती, अतिशय चपळ, पण वीज जातांच रिकामी होणारी. आणि डिस्क ही कायमच्या सांठवणीची. कोंकणांतल्या घराची उपमा द्यावयाची तर रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा व डिस्क म्हणजे माळा. ओटा लहान आणि पदार्थ चार, अशी वेळ आली म्हणजे सुगरणीला एक भांडें माळ्यावर ठेवून दुसरें खालीं आणावें लागतें. पदार्थ आणखी वाढले कीं तिचा सारा दिवस शिडीवरच जातो. रॅममध्यें न मावणारा मजकूर दुसऱ्या सांठ्यावर आपोआप हलविण्याची ही युक्ति मँचेस्टर येथील ॲटलस या संगणकांत १९६२ सालीं वापरांत आली. तिचा अतिरेक झाला म्हणजे यंत्र कामाऐवजीं ने-आणींतच गुंतून पडतें, हें पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं उलगडून दाखविलें.

त्यांतून जुनी डिस्क ही ग्रामोफोनसारखी फिरती तबकडी. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीलाहि एका फेऱ्यास सुमारें ८ सहस्रांश सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधींत प्रोसेसर कोटीहून अधिक क्रिया उरकूं शकतो. म्हणजे ज्याला म्हातारा ठरविलें, तो बिचारा बहुतेक वेळ वाट पाहत बसलेला असतो!

म्हणून आधीं निदान करावें. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडल्यास मेमरी व डिस्क किती व्यापलेली आहे तें दिसतें. मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क सतत शंभर टक्के, असें चित्र असेल तर रोग हाच. यंत्र सुरू होतांच आपणहून जागे होणारे अनावश्यक प्रोग्रॅम तेथेंच बंद करतां येतात. याला खर्च कांहींच नाहीं. ४ जीबी रॅमची ८ जीबी केल्यास ओटा दुप्पट होतो; मात्र यंत्राला चालणारी जातच घ्यावी, आणि कांहीं लॅपटॉपांत ती बदलतांच येत नाहीं, हें आधीं विचारावें. फिरत्या डिस्कच्या जागीं एसएसडी बसविली तर फरक सर्वांत ठळक दिसतो, कारण तींत फिरणारें कांहींच नसतें. फिरत्या डिस्कवरील विखुरलेला मजकूर एकत्र करणारें डिफ्रॅगमेंटेशन एसएसडीवर मुद्दाम करीत बसूं नये. तिची झीज तेवढी वाढते. पेज फाइल बंद करण्याचा सल्लाहि अनेकजण देतात. तो मानणें म्हणजे ओटा लहान आहे म्हणून शिडीच काढून घेणें होय.

यांपैकीं कशासहि हात लावण्यापूर्वीं जुन्या डिस्कवरील मजकुराची प्रत दुसरीकडे करून ठेवावी. लग्नाचीं छायाचित्रें, जमिनीचे कागद, मुलांचीं प्रमाणपत्रें त्या एका तबकडीवर असतात, आणि ती पूर्वसूचना न देतां निकामी होऊं शकते. नवी डिस्क पैशानें मिळेल. वारलेल्या माणसाचा आवाज मिळणार नाहीं.

वेगाशीं संबंध नसलेली, पण दुर्लक्ष करूं नये अशी गोष्ट म्हणजे विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या यंत्रावर विंडोज ११ बसत नाहीं, त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ति घालतां येते. पत्रलेखन, हिशेब, आंतरजालावरील वाचन एवढें तीवर सुखानें होतें. काढलेली फिरती डिस्क लहानशा बाहेरच्या पेटींत घालून जादा प्रतीसाठीं वापरतां येते; एकमेव प्रत मात्र तीवर ठेवूं नये.