फ्रेंचच्या वर्गातला कर्मणी प्रयोग

अकरावीला इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा घ्यायची असते. मुंबई-पुण्यासारखीच नाशिकचीही काही मुलं तिथे मराठी-हिंदी सोडून फ्रेंच घेतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘स्कोअरिंग आहे!’ मग वर्ग भरतो तो असा: पहिल्या बाकावर सहावीपासून फ्रेंच शिकलेली सीबीएसईची मुलगी आणि शेवटच्या बाकावर निफाडहून एसटीने येणारा मराठी माध्यमाचा मुलगा. त्याने आजवर फ्रेंच पाहिलं असेल तर वाइनच्या पाट्यांवर, ‘शेनँ ब्लाँ’ नाहीतर ‘सोव्हिन्यों ब्लाँ’. तो कच्चा, असं सगळेच धरून चालतात. तो स्वतःही.

आता फळ्यावर दोन तुकडे लिहू या. ‘ल तेक्स्त क जे एक्री’, म्हणजे मी लिहिलेला मजकूर. ‘ला लेत्र क जे एक्रीत’, म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी. लिहिणारा मीच, तरी पहिल्यात ‘एक्री’ आणि दुसऱ्यात ‘एक्रीत’. मजकूर पुल्लिंगी आणि चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापदाचं रूप बदललं. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे विचित्र वाटतं, कारण तिथे दोन्हीकडे क्रियापद तेच. मागच्या बाकावरच्या मुलाला मात्र यात नवल काय तेच कळत नाही. तो जन्मापासून ‘मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली’ असंच बोलत आला आहे. शाळेत त्याने याला कर्मणी प्रयोग म्हटलं आणि पाठ करून मार्क घेतले.

गंमत अशी की हा नियम खुद्द फ्रेंच मुलांना छळतो. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने तो पद्यात घालून सांगितला आणि तेव्हापासून शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाई सांडते आहे. 2018 मध्ये बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागात तर ‘हा नियम सोडूनच द्या’ अशी जाहीर मागणी झाली.

नाशिक आणि पॅरिस यांत हे साम्य आलं कुठून? लॅटिनमध्ये लोक म्हणू लागले, ‘माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे’. त्यातलं ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचं विशेषण. त्याचाच पुढे फ्रेंच भूतकाळ झाला. इकडे संस्कृतात म्हणत, ‘मया पत्रिका लिखिता’, माझ्याकडून चिठ्ठी लिहिली गेली. इथेही ‘लिखिता’ चिठ्ठीचंच विशेषण. ‘त्याने लिहिली’मधली तृतीया हा त्याचाच अवशेष. दोन्हीकडे विशेषणाचं क्रियापद झालं, पण कर्माशी जुळण्याची सवय सुटली नाही. त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. ‘लिखित’मधला शेवटचा त आणि ‘एक्रीत’मध्ये ऐकू येणारा त हा एकच, हजारो वर्षांपूर्वीच्या इंडो-युरोपीय मूळ भाषेतला प्रत्यय आहे.

आकड्यांचंही तसंच. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘कात्र-वँ’ म्हणतो, म्हणजे चार विसा. सत्त्याण्णव म्हणजे चार विसा सतरा. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे डोकं धरतात, पण विसांत हिशेब करणारी आजी ज्याच्या घरी आहे त्याला शिकवायला लागत नाही. पॅरिसमध्ये राजा नववा लुई याने 1260 च्या सुमारास तीनशे अंधांसाठी एक आश्रम काढला. त्याचं नाव ‘पंधरा विसा’, आणि डोळ्यांचं रुग्णालय म्हणून तो त्याच नावाने आजही चालू आहे.

तू-तुम्हीचा भेद, पांढरा-पांढरीसारखी लिंगाप्रमाणे बदलणारी विशेषणं, हेही मराठी मुलाच्या पदरात आधीच असतं.

पण मराठी दगाही देते. चंद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग तिथे नाहीच. शिवाय कर्म क्रियापदानंतर आलं की फ्रेंच क्रियापद जुळणं सोडून देतं. आपला मुलगा मात्र तिथेही जुळवत बसतो. हुशारीने केलेली चूक म्हणतात ती हीच.

अशा वर्गात ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ हे दोनच रकाने मला अपुरे वाटतात. युरोपच्या भाषा-पायऱ्यांपैकी ए-1 ते बी-2 यांवर बेतलेली डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी 25 गुण देते. पास व्हायला एकूण 50 हवेत आणि कुठल्याही भागात 5 पेक्षा कमी चालत नाहीत. एकच मूल वाचण्यात पुढे आणि बोलण्यात मागे असू शकतं, हे यात गृहीतच आहे. जाणते शिक्षक म्हणूनच मजकूर एक ठेवतात आणि कामं वेगळी देतात. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून पंचवटीपर्यंतचा रस्ता सांगणारा एक फ्रेंच परिच्छेद घ्या. नवख्याने त्यातले डावे-उजवे ओळखून नकाशावर रेघ मारायची, मधल्याने रिकाम्या जागा भरायच्या, पुढच्याने परतीचा रस्ता स्वतःच्या वाक्यांत सांगायचा. रेघ चुकली तर तिघांनी मिळून शोधायची.

आणि ‘एक्रीत’चा तास आला की पहिल्या बाकावरच्या मुलीला मागे पाठवावं. कर्मणी प्रयोग तिला त्या मुलाकडून समजून घेऊ द्या. फ्रेंचच्या तासाला मराठी बोलू नये, असा दंडक जिथे असेल तिथे निदान त्या एका तासापुरता तो बाजूला ठेवावा, एवढीच शिक्षकांना विनंती.